वाचकांचे प्रश्न : वाट पाहणाऱ्याच्या शेजारी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे मी मुद्दाम एकत्र घेतली आहेत. ती वेगवेगळ्या गावांतून आलेली असली, तरी तिन्हींत विचारलेली गोष्ट एकच आहे : प्रार्थनेच्या उत्तराची वर्षानुवर्षे वाट पाहत असलेल्या विश्वासणाऱ्याला आपण कसे सांभाळावे? आपल्या सीमाभागातल्या माणसाला वाट पाहणे शिकवावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा बदलल्या, तेव्हापासून इथल्या कित्येक घरांत आजोबांचे वाट पाहणे नातवाकडे वारशाने आले आहे. तरीही वाट पाहणाऱ्याच्या शेजारी बसायचे कसे, हे आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांना अजून नीट साधलेले नाही, असे चाळीस वर्षांच्या पाळकीय सेवेनंतर मला मनापासून वाटते, आणि त्या न साधण्यात माझाही वाटा आहे. पत्रलेखकांची नावे व गावे अर्थातच वगळली आहेत.

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, प्रभूमध्ये सलाम. मी खानापूर तालुक्यातल्या एका लहान मंडळीत महिला समाजाचे काम पाहते. आमच्यातल्या एका भगिनीच्या लग्नाला अकरा वर्षे झाली, पण मूल नाही. सुरुवातीला आम्ही सगळ्यांनी उपास धरून प्रार्थना केली. तीन वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या एका उपदेशकांनी भरसभेत तिच्या डोक्यावर हात ठेवून, ‘पुढच्या वर्षी या वेळेस तुझ्या मांडीवर बाळ असेल,’ असे सांगितले. तसे झाले नाही. तेव्हापासून ती गप्प गप्प असते. कोणाच्या बाळाचा बाप्तिस्मा असला की त्या रविवारी ती येत नसे. आता इतर रविवारीही येईनाशी झाली आहे. शेजारच्या बायका तिला नवस बोलायला नेऊ पाहत आहेत. परवा ती मला म्हणाली, ‘काकू, देवाला माझं नाव तरी ठाऊक आहे काय?’ मला उत्तर सुचले नाही. तिला विश्वासात टिकवण्यासाठी आम्ही तिच्याशी काय बोलावे?

उत्तर : प्रिय भगिनी, तुम्हाला उत्तर सुचले नाही आणि तुम्ही ते ओढूनताणून दिलेही नाही, याबद्दल मी आधी तुमचे आभार मानतो. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले होते, तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. ते बोलू लागले तेव्हा बिघडले.

काय बोलावे हे तुम्ही विचारले आहे. त्याआधी आपले काम कोणते आहे, हे ठरवून घेऊ. निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात रफीदीम येथे अमालेक्यांशी लढाई चालू असताना टेकडीवर उभ्या असलेल्या मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला बसायला धोंडा दिला आणि एकाने एका बाजूने व दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने त्याचे हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेवले. ही गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये शिकतो. तिचा उत्तरार्ध मात्र सहसा तिच्याशी जोडून सांगितला जात नाही. पुढे चोविसाव्या अध्यायात मोशे सीनाय पर्वतावर जातो, तेव्हा तो वडीलजनांना सांगतो की, आम्ही परत येईपर्यंत इथेच थांबा. अहरोन आणि हूर तुमच्याजवळ आहेत. म्हणजे ज्या दोघांनी थकलेले हात धरले होते, त्याच दोघांवर वाट पाहणाऱ्या लोकांना सांभाळण्याचे काम सोपवले गेले. चाळीस दिवस गेले. मोशेला उशीर होत आहे असे पाहून लोक अहरोनाभोवती जमले आणि तोच अहरोन त्यांच्या कानांतले सोने मागून घेऊन वासरू ओतून देता झाला. हूराचे नाव वासराच्या त्या बत्तिसाव्या अध्यायात येतच नाही.

मी या दोन अध्यायांसमोर पुष्कळदा बसलो आहे. माणूस तोच, मनही बहुधा तितकेच चांगले. टेकडीवर त्याने थकलेल्या माणसाचे ओझे स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि पर्वताच्या पायथ्याशी थकलेल्या लोकांना, त्यांचे वाट पाहणे संपावे म्हणून, हाताला लागेल अशी एक वस्तू करून दिली. लोकांचा धीर सुटण्याआधी त्यांना सांभाळणाऱ्याचा धीर सुटला होता. आपल्या मंडळ्यांत मला हेच दिसते. वाट पाहणारा माणूस आपल्या समजुतीपेक्षा चिवट असतो. त्याच्या आजूबाजूचे आपण आधी कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस काहीतरी ओतून देतो : एखादी तारीख, एखादे भाकीत, एखादे ‘तुझ्यातच काहीतरी उणे असेल’.

त्या उपदेशकांचे वाक्य हे असेच एक वासरू होते. ‘पुढल्या वर्षी या सुमारास’ हे शब्द अब्राहामाच्या तंबूच्या दारात सारेविषयी बोलले गेले, शुनेमच्या बाईला अलीशाने सांगितले, आणि ते खरे झाले, कारण ते पाठवलेले शब्द होते. ते उसने घेऊन दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर ठेवता येत नाहीत. अनुवाद या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात स्पष्ट लिहिले आहे की, संदेष्ट्याने परमेश्वराच्या नावाने सांगितलेली गोष्ट घडली नाही, तर ती परमेश्वराने सांगितलेली नव्हती. म्हणून तुमच्या पाळकांनी, आणि ते शक्य नसेल तर मंडळीतल्या एखाद्या वडील माणसाने, तिच्या घरी जाऊन साध्या शब्दांत सांगावे की, ‘बाळ, ते बोलणे चुकीचे होते, आम्ही त्या वेळी आमेन म्हटले हेही चुकले, आणि ते खरे न होण्यात तुझ्या विश्वासाचा काही दोष नाही.’ तीन वर्षे ती हे ओझे एकटी वाहत आहे. ते उतरल्याशिवाय तुमचा कोणताही धीराचा शब्द तिच्या आत शिरणार नाही.

आता तिच्या प्रश्नाकडे वळतो. तिने ‘देव माझे ऐकतो काय’ असे विचारलेले नाही, ‘माझे नाव त्याला ठाऊक आहे काय’ असे विचारले आहे, आणि हा प्रश्न आपल्या गावांतलीच बाई विचारू शकते. आपल्याकडे मूल झाले की बाईचे नाव मागे पडते आणि ती सुनीलची आई, रूथची आई होते. नळावर, बाजारात, देवळाच्या पायरीवर तिला तशीच हाक येते. हिला अकरा वर्षांत तशी हाक आली नाही, आणि तिच्या स्वतःच्या नावानेही तिला फारसे कोणी बोलावत नसेल. ती अमक्याची बायको, अमक्याची सून. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात सारा आणि अब्राहाम हागारेविषयी जितके बोलतात, त्यात तिचे नाव एकदाही घेत नाहीत. ‘दासी’ एवढेच म्हणतात. तिला नावाने पहिली हाक मारतो तो रानातल्या झऱ्यापाशी भेटलेला देवदूत, आणि मग तीच देवाला ‘पाहणारा देव’ असे नाव देते. त्याच अध्यायात वाट पाहून थकलेल्या घराने काढलेली पळवाट आहे आणि त्या पळवाटेचा काटा भलत्याच बाईच्या पायात मोडला, हेही आहे. तेव्हा तुमच्या महिला समाजाने उद्यापासून एक गोष्ट करावी : तिला तिच्या नावाने हाक मारावी. ही गोष्ट लहान वाटेल, पण तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुमच्या तोंडून जायचे आहे.

हन्नेची कथा तिला सांगावी का, असे तुमच्या मनात येईल. सांगावी, पण जपून. ‘हन्नेला शमुवेल झाला, तसा तुलाही होईल’ असा तिचा वापर करू नये, कारण तसे वचन आपल्याला कोणी दिलेले नाही. १ शमुवेलच्या पहिल्या अध्यायात हन्नेच्या शेजारच्या माणसांकडे लक्ष देऊन पाहा. तिचा नवरा तिच्यावर खरेच प्रेम करतो, आणि तरी विचारतो की, दहा मुलांपेक्षा मी तुला अधिक नाही काय? म्हणजे तिच्या दुःखाची समजूत घालताना तो स्वतःलाच मध्ये आणतो. याजक एली तिचे ओठ हलताना पाहून तिला दारू चढली आहे असे समजतो. घरातले माणूस आणि मंदिरातले माणूस, दोघेही चुकले. पण एलीने ऐकून घेतल्यावर आपले बोलणे फिरवले आणि तिला शांतीने जा म्हटले, आणि मग ती जेवली व तिचा चेहरा उदास राहिला नाही. हे सारे गर्भ राहण्याच्या आधीचे आहे. तिचे पूर्णपणे ऐकून घेतले गेले, तिथेच ती जेवू लागली. तुमच्या हातात एवढेच आहे, आणि हे थोडे नाही.

बाप्तिस्म्याच्या रविवारी तिला यायचे नसेल तर येऊ नये. तो रविवार कोणता हे मात्र तुम्ही तिला आठवडाभर आधी सांगा, म्हणजे बाकाच्या मध्यभागी बसल्यावर अचानक पाळणागीत कानी पडण्याची पाळी तिच्यावर येणार नाही. आणि त्या दिवशी उपासना संपल्यावर तुमच्यापैकी कोणी तरी तिच्याकडे जा. ख्रिस्ती घरांतल्या डोहाळजेवणाला मूल नसलेल्या बाईला ओटी भरू न देण्याची रीत अजून कुठे कुठे टिकून आहे. ती तुमच्या मंडळीत असेल, तर ती मोडण्याची जबाबदारी महिला समाजाचीच आहे. नवसाबद्दल तिच्यावर रागावू नका. ती मूर्तीकडे ओढली जाते आहे असे मला वाटत नाही; सोबत येणाऱ्या बायकांकडे ओढली जाते आहे, कारण त्या तिला घेऊन चालत तरी निघाल्या आहेत. तुम्ही आधी तिच्या दारात पोहोचा.

दोन व्यावहारिक गोष्टी. डॉक्टरांकडे तपासणी करणे हा अविश्वास नव्हे, आणि ती नवरा व बायको दोघांचीही व्हावी लागते. आपल्याकडे अनेकदा बाईचीच वर्षानुवर्षे होत राहते. दुसरी गोष्ट दत्तकाची. ती तुम्ही होऊन सुचवू नका, पण त्या दोघांनी विचारले तर माहिती असू द्या. पूर्वी आपल्या लोकांना १८९० च्या कायद्याखाली मुलाचे केवळ पालक होता येत असे. आता २०१५ च्या बाल न्याय कायद्याने कोणत्याही धर्माच्या दांपत्याला मूल रीतसर दत्तक घेता येते आणि त्या मुलाला पोटच्या मुलाचे सर्व हक्क मिळतात. नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे होते, आणि तिथेही बरीच वाट पाहावी लागते, हे आधीच सांगून ठेवा.

आणि ती पुन्हा तुमच्याकडे येऊन तसेच काही विचारू लागली, तर तिच्यासोबत तेरावे स्तोत्र वाचा. ‘किती काळ’ हा प्रश्न त्याच्या पहिल्या दोन वचनांत चार वेळा येतो. जे शब्द बोलायची तिला भीती वाटते, ते पवित्र शास्त्रात आधीच छापलेले आहेत, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या.

प्रश्न : सलाम पाळकसाहेब. मी बेळगाव शहरात राहतो आणि आमच्या मंडळीच्या तरुण संघाचे काम पाहतो. संघातला एक मुलगा आठ वर्षांपासून सरकारी नोकरीच्या परीक्षा देतो आहे. मराठी शाळेत शिकल्यामुळे कन्नडच्या पेपरात तो दोनदा अडला, एकदा यादी लागूनही ती रद्द झाली. वयोमर्यादा संपायला दोन वर्षे राहिली आहेत. त्याने भिंतीवर यिर्मया २९:११ लावले आहे. हल्ली तो रात्रभर मोबाइलवर एका प्रचारकाची भाषणे ऐकतो आणि ‘बी पेरा, नव्वद दिवसांत कापणी होईल’ या सांगण्यावरून त्याने वडिलांकडून घेतलेले पैसेही पाठवले. आम्ही अडवले तर म्हणतो, तुमचा विश्वास कमी आहे. त्याला कसे सांभाळावे?

उत्तर : प्रिय बंधू, ते वचन भिंतीवरून काढायला सांगू नका, त्याच्या आधीची वचने त्याच्यासोबत बसून वाचा. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत आणि तो भावी सुस्थितीची आशा देतो, हे अकराव्या वचनात खरेच आहे. पण दहाव्या वचनात बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर, असे म्हटले आहे. हे यिर्मयाने बाबेलात बंदिवान करून नेलेल्या लोकांना लिहिलेले पत्र आहे. ज्यांच्या हातात ते पडले त्यांच्यातल्या पुष्कळांचे डोळे परत जाण्याआधीच मिटणार होते, आणि तरी ते त्यांच्यासाठीच लिहिले होते. त्याच्याही आधी, पाचव्या व सहाव्या वचनांत, परक्या मुलखात त्यांनी काय करायचे ते सांगितले आहे : घरे बांधा, मळे लावा, त्यांचे उत्पन्न खा, लग्ने करा. सातव्यात तर ज्या नगरात नेले गेला आहात, त्याच नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे आहे.

मग त्याला अठ्ठाविसावा अध्याय वाचायला द्या. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगतो की, दोन वर्षांच्या आत सगळे परत येईल. यिर्मया आधी आमेन म्हणतो, परमेश्वर तसे करो म्हणतो. त्यालाही ते हवेच होते. पण हनन्याने लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावले, असे त्याला सांगावे लागते, आणि हनन्या त्याच वर्षी मरण पावतो. सत्तर सांगणाऱ्या माणसाला लोकांनी छळले आणि दोन सांगणाऱ्याचे ऐकले. आज नव्वद दिवस सांगणारा मोबाइलच्या पडद्यावर आहे, एवढाच फरक. हा मुलगा मूर्ख नाही, लोभीही नाही. आठ वर्षांत ज्यांनी त्याच्याशी त्याच्या परीक्षेबद्दल आपुलकीने बोलायचे, ते बोलेनासे झाले, आणि रात्री दोन वाजताही बोलायला तयार असलेला एक आवाज त्याला सापडला. तुम्हाला त्या आवाजाची जागा घ्यायची आहे, आणि ती वाद घालून घेता येणार नाही.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात वाट पाहण्यासाठी शेतकऱ्याचा दाखला दिला आहे. आपल्या मराठी शास्त्रात पहिल्या व शेवटच्या पावसासाठी ‘आगोटीचा व वळवाचा पाऊस’ असे शब्द येतात, आणि ते मला फार आवडतात, जरी त्या देशातला क्रम आपल्याहून उलटा असला : तिकडे पेरणीचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो आणि पीक भरवणारा शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये, तर आपल्याकडे आधी वळीव येतो आणि मागून आगोट. खानापूर भागातले आपले शेतकरी भाताची धूळवाफ पेरणी करतात, ती तुमच्या संघातल्या पुष्कळ मुलांनी लहानपणी पाहिली असेल. मेअखेरीस ढगाचा पत्ता नसताना कुरीने बी कोरड्या धुळीत पडते आणि तिथेच पडून राहते. पण पेरून झाल्यावर शेतकरी आभाळाकडे पाहत बांधावर बसत नाही. बांध घालतो, अवजारे दुरुस्त करतो, आणि पाऊस लागला की भांगलणीला, म्हणजे तण काढायला लागतो. या मुलाचे बी धुळीत आहे, ते वाया गेले आहे असे म्हणण्याचा अधिकार तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. पण आठ वर्षे तो बांधावर बसून आहे.

म्हणून त्याला भांगलण द्या. परीक्षेची तयारी चालू ठेवूनच उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्याच्या हिशेबखात्यात, दुकानात, शिकवणीत, जिथे मिळेल तिथे अर्ध्या दिवसाचे काम त्याला मिळवून देणे हे तरुण संघाला अवघड नसावे. कन्नड चांगले येणारा एखादा बंधू किंवा भगिनी आठवड्यातून तीन संध्याकाळी त्याच्यासोबत बसेल, तर त्या तीन रात्री मोबाइलही कमी होईल. त्याच्या वडिलांना भेटा. घरात ‘झालं काय?’ हा प्रश्न रोज विचारला जात असेल, तर तो महिनाभर बंद ठेवायला त्यांना विनवा. वयोमर्यादा संपेल त्या दिवशी, आणि तो दिवस कदाचित निकालाशिवायही येईल, तुमच्यापैकी दोघे-तिघे त्याच्याबरोबर असा. ती तारीख आजच लिहून ठेवा. योसेफ सतराव्या वर्षी स्वप्ने पाहतो आणि तिसाव्या वर्षी फारोपुढे उभा राहतो. मधली तेरा वर्षे सांगताना आपण घाई करतो, पण प्यालेबरदार सुटून गेल्यावर आणि योसेफाला विसरल्यावर आणखी पुरी दोन वर्षे त्याने तुरुंगात काढली, आणि तिथेही तो रोज इतर कैद्यांची व्यवस्था पाहत होता, हे त्या मुलाला जरूर दाखवा.

पाठवलेल्या पैशांबद्दल त्याला पुन्हा पुन्हा टोचू नका. एकदा स्पष्ट सांगा की देवाचे दान विकत मिळत नाही, आणि तो विषय मिटवा.

प्रश्न : पाळकसाहेबांना सलाम. मी निपाणी भागातून लिहिते. माझ्या पतींना पक्षाघात होऊन सहा वर्षे झाली. डावी बाजू गेली, बोलणे अस्पष्ट झाले. पहिले दोन महिने घर माणसांनी भरलेले असे. इतकी माणसे, की मी सगळा वेळ चहाच करत असे. आता नाताळला चार जण येतात, एक गाणे म्हणतात आणि ‘काही फरक पडला काय?’ असे विचारून जातात. मी सहा वर्षांत दहा-बारा वेळाच उपासनेला गेले असेन, कारण त्यांना एकटे ठेवता येत नाही. मी देवाला सोडलेले नाही. पण खरे सांगते, आता प्रार्थनेत शब्द येत नाहीत. माझा विश्वास आटत चालला आहे काय?

उत्तर : प्रिय ताई, नाही. शब्द येत नाहीत तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आहे, आणि ते लिहिताना त्याच्यासमोर तुमच्यासारखीच माणसे असणार. तुमचे पत्र मी तुमच्यासाठी जितके छापतो आहे, तितकेच आमच्या मंडळ्यांसाठी. बेळगावात १८२० साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर आले, तेव्हापासून या जिल्ह्यात रविवारची उपासना चालत आली आहे. दोनशे वर्षे रविवार सांभाळणाऱ्या आपल्या लोकांना एका घरातला बुधवार सांभाळता येऊ नये, याचे मला दुःख होते.

माझी पहिली नेमणूक तुमच्याच भागात होती. तिथे तंबाखूच्या वखारीत काम करणारी एक म्हातारी मावशी मंडळीत होती. तिच्या शेजारणीचा थोरला मुलगा भांडून घरातून निघून गेला होता आणि त्याचा पत्ता लागत नव्हता. मावशी दर गुरुवारी वखार सुटली की थेट तिच्याकडे जाई. अंगाला तंबाखूचा उग्र वास, पदराला धूळ, तशीच ती उंबऱ्यात बसे आणि विचारी, ‘आज जेवलीस काय गं?’ मुलाचे काय झाले, हे ती विचारत नसे. ‘येईल हो’ असेही तिने कधी म्हटलेले मी ऐकले नाही. तिला वाचता येत नव्हते. एकशे तिसावे स्तोत्र तेवढे पाठ होते, ते ती म्हणे, पहारेकरी पहाटेची वाट पाहतात ही ओळ त्यात दोनदा येते तशी दोनदा म्हणे, आणि उठून जाई. हे नऊ वर्षे चालले. मी तरुण होतो, सुशिक्षित होतो. मी पहिल्या वर्षी तीनदा गेलो, चांगले बोललो, आणि नंतर मला सांगायला काही नवे उरले नाही म्हणून जाईनासा झालो. मुलगा परत आला नाही. त्या शेजारणीच्या अंत्यविधीला मी गेलो, तेव्हा तिच्या सुनेने मला सांगितले की शेवटच्या आठवड्यात सासूबाई सारख्या ‘आज गुरुवार काय?’ असे विचारत होत्या. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात, विश्वासात मेलेल्या पण वचनफल न मिळालेल्या लोकांविषयी मी तोवर बरेच उपदेश केले होते. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची कितीतरी वर्षे मराठी शास्त्राच्या भाषांतरावर घालवली, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि तो ग्रंथ १९२४ साली छापून आला, हे उदाहरणही त्या उपदेशांत असे. त्या अध्यायाचा अर्थ मला त्या घराच्या उंबऱ्यात कळला.

तुमच्या मंडळीला मी वेगळे पत्र लिहीत आहे. त्यात अशी विनंती केली आहे की, महिन्याच्या चार रविवारी चार घरांनी आळीपाळीने सकाळी नऊ ते साडेबारा तुमच्या पतींजवळ बसावे, म्हणजे तुम्हाला उपासनेला जाता येईल; प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकांनी दुपारी घरी येऊन तुमच्या पतींना प्रभुभोजन द्यावे; येणाऱ्याने ‘काही फरक?’ हा प्रश्न दाराबाहेर ठेवून यावे. आणि पतींशी, बोलणे अस्पष्ट असले तरी, थेट त्यांच्याशी बोलावे, तुमच्यामार्फत नव्हे. हे वर्षभराच्या यादीवर नावे घालूनच व्हावे, नुसत्या ‘कधीही हाक मारा’वर सोडू नये, कारण थकलेल्या माणसाला हाक मारण्याचेही बळ नसते.

तुम्ही स्वतः सध्या प्रार्थनेसाठी शब्द शोधू नका. सकाळी एक स्तोत्र मोठ्याने वाचा. पतींनाही ऐकू जाईल. त्यांना एखादी ओळ म्हणता आली तर म्हणू द्या, कितीही वेळ लागो. कंटाळा आला, राग आला, तर तोही तिथेच सांगा.

येत्या बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास मी आणि माझी पत्नी तुमच्याकडे येत आहोत. ती बसेल तुमच्या पतींजवळ. तुम्हाला बाजारात, बहिणीकडे किंवा नुसते पडायला वेळ हवा असेल तर सहापर्यंत खुशाल घ्या. चहा ठेवू नका. आम्ही थर्मासमध्ये घेऊन येऊ.